देवराईतली काळी दलदल मे महिन्यातही ओली कशी राहते?

सड्याकाठ

नमस्कार मंडळी. दक्षिण सिंधुदुर्गात, समुद्रापासून फार आत नसलेल्या एका गावातल्या देवराईबद्दल हा धागा काढतोय. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. राई देवस्थानची आहे आणि तिथे बाहेरच्या लोकांची वर्दळ वाढावी असं गावकऱ्यांना वाटत नाही, ते मलाही पटतं.

राई सड्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट पठाराच्या, पायथ्याला आहे. वर उघडा कातळ, त्याखाली काजूची कलमं, मग उतार. उतार संपतो तिथे जांभ्याच्या दरडीतून तीन-चार ठिकाणी पाणी पाझरतं आणि एका ठिकाणी चांगला वाहता झरा आहे. या पाण्याखाली चार-पाच गुंठ्यांची दलदल आहे. माती काळीकुट्ट, हातात घेतली तर हलकी लागते. नीट पाहिलं तर तिच्यात माती कमी आणि पानांचे, सालींचे, मुळांचे तुकडेच जास्त. बांबूची काठी जोर न लावता कमरेइतकी आत जाते. ढवळलं की सडक्या अंड्यांचा वास येतो. साचलेल्या पाण्याला कोऱ्या चहाचा रंग आहे. काही डबक्यांवर सप्तरंगी तवंग दिसतो, त्यामुळे गावातल्या पोरांना वाटलं की कुणीतरी डिझेल ओतलं.

कडेने केवड्याचं बेट, आत वेत, कडूकवठ, रानअळू आणि नेचे. आजूबाजूच्या विहिरी एप्रिलमध्ये तळाला जातात, पण इथला ओलावा हटत नाही.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एवढं पाणी उन्हाळ्यात येतं कुठून? आणि थंड देशांत ज्याला पीट म्हणतात, तसलं काही आपल्या कोकणात असू शकतं का? विचारण्याचं कारणही आहे. वाडीला पाणी कमी पडतं म्हणून ही जागा खोदून तिथे टाकी बांधावी, असा विषय गावात निघालाय. निर्णय व्हायच्या आधी नीट माहिती हाताशी असावी असं वाटतं.

मुलूखकार

आमच्या गावात देवळाच्या पाठीमागे अशीच जागा आसा. गुरा थयसर जाणत नाय, रुततत. माझी आजी सांगायची, थयसर चप्पल घालून जावचा नाय आणि लाकूड तोडूचा नाय. सगळ्यो बावी आटतत, पण थयसरचा पाणी काय आटणा नाय. खोदूक देव नको रे बाबा, एवढाच सांगतंय.

पाझर

सड्याकाठ, वर्णन फार चांगलं केलंत. भूजलाच्या कामात काही वर्षं घालवली आहेत, म्हणून पाण्याच्या बाजूने लिहितो.

सडा वरून कोरडा ठणठणीत दिसतो, पण उन्हाळ्यातल्या तुमच्या पाण्याचा मालक तोच आहे. सिंधुदुर्गात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत. सड्याच्या वरच्या कडक कवचाला भेगा आणि खळगे असतात. त्याखालचा जांभा पोकळ नळ्यांनी आणि छिद्रांनी भरलेला असतो. पाणी त्यातून खाली उतरत जातं. जांभ्याच्या तळाशी पांढरट, गुलाबी, कधी पिवळसर अशी मऊ चिकणमाती लागते. विहीर खोदणाऱ्या कुणालाही विचारा, तो थर त्याच्या ओळखीचा असतो. खालचा मूळ खडक जागच्या जागी झिजून ही माती झालेली असते आणि तिच्यातून पाणी सहजी जात नाही. त्यामुळे वरून आलेलं पाणी तिच्या पाठीवर अडतं, आडवं सरकत राहतं आणि उतारात जिथे जांभा आणि चिकणमातीची सीमा उघडी पडते तिथे बाहेर येतं. तुमची दरड म्हणजे तीच सीमा असणार, कारण तीन-चार पाझर एकाच पातळीवर आहेत. आहेत ना? खात्री करून घ्या.

आपल्याकडे सड्याचे बरेचसे झरे फेब्रुवारी-मार्चमध्ये संपतात. वरचा सडा लहान असेल किंवा जांभ्याचा थर पातळ असेल तर साठा तेवढाच असतो. सडा विस्तीर्ण असेल आणि चिकणमातीचा पृष्ठभाग मध्ये किंचित खोलगट असेल, तर पाणी रेंगाळतं आणि बाहेर यायला महिने लावतं. आज मे महिन्यात तुमच्या झऱ्यातून येणारं पाणी गेल्या पावसाळ्यातलं आहे, काही अंशी त्याच्याही आधीचं असेल.

तवंगाबद्दल. जांभ्यात लोह भरपूर. जमिनीखाली प्राणवायू नसतो तिथे ते पाण्यात विरघळतं. पाणी उघड्यावर आलं की काही जिवाणू त्या लोहाचं ऑक्सिडीकरण करून जगतात, त्याने नारिंगी गाळ बसतो आणि पाण्यावर चमकणारा पापुद्रा येतो. ओळखायची सोपी रीत अशी की, काठीने तवंग ढोसायचा. पापुद्र्याचे कोनेदार तुकडे झाले आणि ते वेगळेच राहिले तर ते जिवाणूंचं काम. तेल असेल तर काठी काढताच परत एकत्र येतं. पोरांना हे करून दाखवा, त्यांची भीती जाईल.

सड्याकाठ

पाझर, मनापासून आभार. पाझर एकाच पातळीवर आहेत, हे तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं. दरडीच्या तळाशी गुलाबीसर माती दिसतेही. काठीचा प्रयोग आज संध्याकाळी करतो.

पानगळ

पीटच्या प्रश्नावर मी लिहिते. वनस्पतिशास्त्र शिकवते आणि हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

पाला पडतो, कुजतो आणि पुन्हा मातीत मिसळतो. हे काम बुरशी, जिवाणू, वाळवी, गांडुळं करतात आणि त्यातल्या बहुतेकांना प्राणवायू लागतो. जमीन वर्षभर पाण्याने तुडुंब राहिली तर आतला प्राणवायू संपतो आणि कुजणं मंदावतं. पडणारा पाला कुजणाऱ्यापेक्षा जास्त झाला की फरक साठत जातो. हा साठा म्हणजे पीट. सर्वसाधारणपणे तो वर्षाला एक मिलिमीटरच्या आसपास वाढतो, म्हणजे मीटरभर थराला हजारेक वर्षं. अभ्यासक साधारण असा निकष लावतात की थर किमान ३० सेंटिमीटर जाड हवा आणि सुकवलेल्या वजनात किमान ३० टक्के सेंद्रिय द्रव्य हवं.

याचे दोन मोठे प्रकार आहेत. एक फक्त पावसाच्या पाण्यावर जगतो. तिथे क्षार जवळजवळ नसतात, पाणी आम्लधर्मी असतं आणि ठरावीक शेवाळंच राज्य करतात. दुसरा झऱ्यांवर पोसला जातो. भूजल येताना खडकातले क्षार घेऊन येतं, त्यामुळे तिथली वनस्पतिसृष्टी जास्त वैविध्याची असते, आणि ती खडकानुसार बदलते. चुनखडीतून येणारं पाणी असेल तर एक जग, लोहयुक्त जांभ्यातून येणारं असेल तर वेगळंच. झऱ्याच्या पाण्याचं तापमानही वर्षभर फारसं बदलत नाही, ते त्या ठिकाणच्या वार्षिक सरासरीच्या जवळ राहतं. म्हणून युरोप-अमेरिकेत अशा दलदलींत आजूबाजूच्या प्रदेशात कधीच्याच नाहीशा झालेल्या थंड हवामानातल्या वनस्पती टिकून राहिलेल्या दिसतात. तुमची दलदल यांतल्या दुसऱ्या, झऱ्यावरच्या घराण्यातली आहे.

मग कोकणात पीट सर्रास का नाही? पाऊस तर भरपूर. खरी अडचण उन्हाची आणि आठ महिन्यांच्या कोरडीची. आपल्या उष्णतेत कुजण्याचा वेग प्रचंड असतो, आणि जमीन वर्षातून काही महिने जरी सुकली तरी साठलेलं सगळं त्या काळात कुजून जातं. म्हणजे कोकणात असं काही साठायचं तर एकच मार्ग उरतो: पाऊस थांबल्यावरही पाणी देत राहणारा झरा. इथे सगळा खेळ झऱ्यावर आहे.

उष्ण प्रदेशात पीट होतच नाही असं मात्र नाही. मध्य आफ्रिकेत काँगो नदीच्या खोऱ्यात दलदलीच्या जंगलाखाली सुमारे १,४५,५०० चौरस किलोमीटरवर पसरलेलं पीट आहे. विस्ताराचा हा अंदाज २०१७ साली जगापुढे आला. त्यात सुमारे ३० अब्ज टन कार्बन आहे असा अंदाज आहे. आपल्याकडे निलगिरीत, उटीच्या परिसरात, २००० मीटरच्या वर डोंगरखोऱ्यांत पीट आहे आणि त्याचे खालचे थर २० हजार वर्षांहून जुने आहेत. त्या थरांतल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून कोणत्या काळात तिथे गवताळ रान पसरलं आणि कधी झाडोरा वाढला हे अभ्यासकांनी वाचून काढलं. पीट परागकण, पानं, बिया हजारो वर्षं सांभाळून ठेवतं. डेन्मार्कमध्ये १९५० साली पीट काढताना एका माणसाचा देह सापडला, सुमारे २४०० वर्षांपूर्वीचा. चेहऱ्यावरचे दाढीचे खुंटसुद्धा शाबूत होते.

तुमच्या जागेत पीट आहे की नुसती सेंद्रिय चिखलाची साय, हे प्रयोगशाळेशिवाय ठामपणे सांगता येणार नाही. काठी कमरेइतकी गेली म्हणजे कमरेइतकं पीट असं समजू नका, पातळ गाळातही ती जाते. पण हाताने करायची एक जुनी कसोटी आहे. स्वीडनच्या फॉन पोस्ट या भूवैज्ञानिकाने १९२० च्या दशकात ती मांडली आणि ती आजही वापरतात. मूठभर ओला गाळ घ्यायचा आणि पिळायचा. बोटांतून स्वच्छ किंवा फिकट पाणी आलं आणि मुठीत पानांचे-मुळांचे तुकडे ओळखू येण्याजोगे राहिले तर कुजणं फार झालेलं नाही. सगळंच काळं लापट बोटांतून निसटलं आणि मुठीत काही उरलं नाही तर पूर्ण कुजलेलं. एक ते दहा अशी श्रेणी असते. वेगवेगळ्या खोलीवरचा गाळ पिळून पाहा आणि इथे लिहा.

केवडा

पानगळताई, किती सुंदर लिहिलंत! एक भर घालते. अशा झऱ्यांच्या वरच्या अंगाला, जिथे कातळावरून पाण्याचा पातळ पापुद्रा सरकतो तिथे, पावसाळ्याच्या शेवटी नीट वाकून बघा. दवबिंदू सापडेल. लालसर पानांवर चिकट थेंब, त्यात अडकलेली चिलटं. आणि सीतेची आसवं, निळी-जांभळी, कातळाच्या प्रत्येक ओल्या खळग्यात. दोन्ही कीटकभक्षी. सड्यावरचं पाणी सतत धुऊन नेत असल्यामुळे तिथे नायट्रोजन जवळपास नसतो, म्हणून ही झाडं तो किड्यांकडून मिळवतात. सीतेच्या आसवांना मुळंच नसतात. त्यांच्या बारीक पिशव्या एक मिलिसेकंदही न लावता पाण्यातला सूक्ष्म जीव आत ओढतात, वनस्पतिजगतातल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक.

थंड देशांतल्या पीटभूमींवरही याच दोन कुळांच्या वनस्पती असतात. हवामान पूर्ण वेगळं, जमिनीची गरिबी तीच.

रानवाट

या धाग्यावर दोडामार्गचा उल्लेख अजून कसा नाही?

बांबर्डेची राई ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी लिहितो. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथे रानजायफळाची दलदल आहे. मिरिस्टिका मॅग्निफिका हे ते झाड. २०१८ मध्ये तिची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली तेव्हा सह्याद्रीतली ही सर्वांत उत्तरेकडची रानजायफळाची दलदल ठरली. २०२१ साली राज्य शासनाने तिला जैवविविधता वारसा स्थळ घोषित केलं. क्षेत्र २.५९ हेक्टर, म्हणजे साडेसहा एकरांच्याही आत. नंतर त्याच तालुक्यात कुंब्रल गावच्या देवराईतही अशी जागा आढळली. गोव्यात सत्तरी तालुक्यातली निरंकाराची राई या कुटुंबातली, उत्तर कन्नडमधलं काथळेकान तसंच. दक्षिण केरळात कुळत्तुपुळा, अंचल, शेंदुर्णी भागात बऱ्याच आहेत, पण सगळ्या मिळून क्षेत्र जेमतेम दीड चौरस किलोमीटर. भारतीय शास्त्रज्ञांनी या जंगलाचं पहिलं वर्णन १९६० साली त्रावणकोर भागातून केलं.

तिथे उभं राहिलं की आपण झाडांच्या पायांकडेच बघत राहतो. खोडाला खालून टेकू देणारी मुळं फुटलेली असतात, आणि चिखलातून वाकडी मुळं वर येऊन पुन्हा आत गेलेली असतात. ही गुडघमुळं. पानगळताईंनी सांगितलेला तोच प्रश्न झाडापुढेही आहे: चिखलात प्राणवायू नाही. मग मुळं वर येऊन हवेतून घेतात. खारफुटीचं जे तंत्र आपण खाडीत बघतो, ते इथे गोड्या पाण्यात. पानं हातभर लांब. सालीला जखम झाली की लालसर चीक येतो. फळ उकललं की जायपत्रीच्या लाल जाळीत मोठी बी. धनेश पक्षी ती गिळून दूर नेतात. पण ही बी साठवून ठेवता येत नाही, सुकली की मरते. म्हणून हे झाड दोन दलदलींमधली कोरडी जमीन सहजी ओलांडत नाही आणि एक दलदल सुकली की तिथून ते कायमचं जातं. जायफळाचं हे कूळ अतिप्राचीन आहे. अशा ओल्या खाचांमध्ये ते टिकून राहिलं आणि खाच संपली की संपलं.

त्या राईत पांढऱ्या-काळ्या नक्षीचं, संथ तरंगणारं मोठं फुलपाखरू दिसलं तर ते मलबार ट्री निम्फ. ते फक्त सह्याद्रीतच आढळतं.

सड्याकाठ, तुमच्याकडे मोठ्या पानांची, टेकूमुळांची झाडं आहेत का? पडलेलं फळ मिळालं तर फोटो टाका. सालीला कोयता मात्र लावू नका.

सड्याकाठ

रानवाटदादा, टेकूमुळं नाहीत. रानजायफळ नसावं. पण काठीचा प्रयोग झाला: तवंगाचे तुकडे झाले, वेगळेच राहिले. पोरं थक्क. आणि पानगळताई, पिळून पाहिलं. वरच्या हातभर थरात पाणी तपकिरी येतं आणि मुठीत मुळं, देठ, केवड्याच्या पानांचे चिवट तंतू स्पष्ट राहतात. त्याखाली काळं लापट, त्यात लाकडाचे मऊ तुकडे. तळाशी करडी चिकणमाती लागली. खणताना एक चकचकीत, वळी असलेला, गांडुळापेक्षा जाड प्राणी निघाला. साप म्हणून सगळे मागे सरकले. त्याला डोळे जवळजवळ दिसतच नव्हते. लगेच परत ठेवून दिला.

केवडा

देवगांडूळ! तो बेडकांच्या गोतातला उभयचर आहे, बिनविषारी, बिनपायांचा, जमिनीखाली राहणारा. ओली, पालापाचोळ्याची भुसभुशीत माती हे त्याचं घर. परत ठेवलात हे फार बरं केलंत. बऱ्याच ठिकाणी तो साप समजून मारला जातो.

पानगळ

वरच्या थरात तंतू राहतात, खाली लाकडाचे तुकडे, मग चिकणमाती: हा क्रम फार बोलका आहे. पीट म्हणा, पीटच्या वाटेवरची माती म्हणा, पण पाला साठतोय हे नक्की. एखाद्या महाविद्यालयाच्या मृदाविभागात किंवा कृषी विद्यापीठात नमुना द्या. सुकवून, जाळून वजनातली घट मोजली की सेंद्रिय प्रमाण कळतं. मुठीएवढा नमुना पुरे, खड्डा पाडू नका.

कोंडुरा

माहिती छान आहे सगळ्यांची. पण मी त्याच बाजूच्या एका वाडीत राहतो आणि एप्रिल-मेमध्ये बायका डोक्यावरून पाणी आणतात हे रोज बघतो. चार-पाच गुंठे जागेत बारमाही पाणी चिखलात मुरतंय आणि वाडी टँकरची वाट बघतेय, हे मला योग्य वाटत नाही. माणसांना पाणी मिळायलाच हवं. टाकी बांधली तर काय बिघडेल, हे कुणीतरी नीट सांगावं. भावनेने नको, हिशेबाने सांगा.

पाझर

कोंडुरा, प्रश्न अगदी रास्त आहे आणि उत्तर हिशेबानेच देतो.

दलदल पाणी खात नाही, धरते. तिथून बाष्प होऊन जाणारं पाणी असतंच, पण राईच्या सावलीत ते मर्यादित. बाकीचं खालच्या टोकाने व्हाळात, म्हणजे ओढ्यात, जातं. ते आत्ता किती जातंय हे आधी मोजा. व्हाळाच्या तोंडाशी पन्हळ लावा, १० लिटरची बादली धरा, घड्याळ बघा. २० सेकंदांत भरली तर मिनिटाला ३० लिटर, म्हणजे दिवसाला ४३,२०० लिटर. माणशी ५५ लिटर धरले तर साडेसातशेहून जास्त माणसांची गरज. वाडीत माणसं किती, ते तुम्हाला माहीत.

आता खोदलं तर काय होईल. दलदलीच्या तळाशी चिकणमाती आहे, सड्याकाठ यांनी स्वतः पाहिली. पाणी तिच्यावर उभं आहे. जेसीबीने ती फोडली आणि खाली भेगाळलेला खडक असेल, तर पाणी खालीच निघून जाईल. टाकी बांधाल आणि टाकीत पाणी नसेल. झऱ्याच्या तोंडाशी दगड फोडून ‘पाणी वाढवण्याचा’ प्रयत्न केला की झरा बाजू बदलतो, हे कोकणात कितीतरी गावांनी अनुभवलंय.

आणि टाकीला जागा म्हणून दलदलीत चर काढून पाणी उतरवलं तर साठलेला पाला हवेत येऊन कुजेल, जमीन खचेल. इंग्लंडमध्ये होम इथल्या पीटच्या पाणथळीतलं पाणी काढताना १८५१ साली एक लोखंडी खांब जमिनीत पुरला, त्याचं टोक जमिनीच्या पातळीला होतं. आज तो खांब सुमारे चार मीटर उघडा उभा आहे. तेवढी जमीन खाली बसली. इंडोनेशियात पीटची जंगलं चर खोदून सुकवली, तिथे १९९७-९८ आणि २०१५ साली लागलेल्या आगी जमिनीच्या आत महिनोन्महिने धुमसत राहिल्या.

म्हणून माझा आग्रह असा की पाणी घ्या, पण दलदलीच्या खालून घ्या. जिथे ते राईतून बाहेर पडतं तिथे छोटा बंदिस्त कुंड, त्यातून नळ, आणि कुंड भरल्यावरचं पाणी परत व्हाळात. जुन्या देवस्थानांत पाणवठा राईच्या खालच्या अंगालाच बांधलेला बऱ्याच ठिकाणी दिसतो.

रानवाट

पाझर यांच्याशी पूर्ण सहमत. आणि मला ज्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते ते लिहितो. बांबर्डेचं २.५९ हेक्टर संरक्षित झालं याचा आनंद आहेच. पण सरकारी नकाशावरची रेघ झाडांभोवती असते. पाण्याभोवती ती कुठे असते? पाणी पडतं वरच्या सड्यावर, वरच्या उतारावर. तिथे कुणी जमीन सपाट केली, रबर किंवा अननसासाठी उतार साफ केला, चिऱ्याची खाण काढली, खोल बोअर मारली, तर राईतल्या एकाही झाडाला हात न लावता राई मरेल. दोडामार्गात रबराची लागवड किती झपाट्याने पसरली हे त्या भागात फिरणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. २०२० साली तिलारीचं २९.५३ चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन राखीव झालं, तशी मोठी क्षेत्रं म्हणूनच हवीत.

सरकार-दरबारी सड्याला पडीक म्हणतात, याने माझा जीव तुटतो. गावातल्या सगळ्या बावी त्याच पडीक जमिनीवर जगतात.

पाझर

रानवाट, नेमकं हेच. चिऱ्याची खाण म्हणजे पाणी धरणारा जांभाच काढून नेणं. सिक्कीममध्ये २००८ पासून ‘धारा विकास’ नावाने जे काम झालं त्याचा पायाच हा की झऱ्याचं पाणलोट आधी शोधायचं, खडकांचा उतार बघून, आणि काम वर करायचं, झऱ्यापाशी नाही. पुण्याची ॲक्वाडॅम ही संस्था त्या विषयातलं शास्त्र गावोगाव शिकवते. एक लक्षात ठेवा, झऱ्याचं पाणलोट आणि जमिनीचा दिसणारा उतार एकच असतील असं नाही. खालची चिकणमाती ज्या दिशेला कलते तिकडे पाणी जातं. पलीकडच्या गावाच्या सड्यावरचा पाऊसही तुमच्या राईत येत असू शकतो.

जाता जाता: रत्नागिरी परिसरात विहिरी खोदताना जांभ्याखाली कधी कधी काळी कार्बनी माती आणि लिग्नाइटचे (कच्च्या कोळशाचे) तुकडे निघतात, पानांच्या ठशांसकट. म्हणजे जांभा तयार व्हायच्याही आधी या किनाऱ्यावर पाला साठवणाऱ्या दलदली होत्या.

मुलूखकार

ह्या मात्र म्हायत नव्हता! आमच्या काकाच्या बावीत काळी माती निघाली होती, जळणासारखी. सगळे म्हणालले हय खंय कोळसो इलो. आता कळला.

कोंडुरा

पाझर, हिशेब पटला. खालच्या बाजूला कुंड ही गोष्ट मी बैठकीत मांडतो. मोजमाप मी आणि सड्याकाठ मिळून करू. एक विचारायचं होतं: कायद्याने या जागेला काही संरक्षण मिळू शकतं का? देवस्थान आहे म्हणून लोक आज ऐकतात. पुढची पिढी ऐकेलच असं सांगता येत नाही.

पानगळ

मिळू शकतं. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. पुष्कळ गावांत ही समिती कागदावरच असते. तुमच्या गावातली शोधून काढा आणि पहिलं काम म्हणजे नोंदवहीत ही जागा लिहा: झरे, दलदल, केवडा, वेत, देवगांडूळ, सगळं. सड्यासकट लिहा. याच कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली वारसा स्थळ घोषित होतं. स्थानिक समितीचा ठराव आणि लोकांची संमती असेल तर राज्य जैवविविधता मंडळाकडे प्रस्तावाला वजन येतं. मंडळ नागपूरला आहे. वारसा स्थळ झालं म्हणून गावाचे परंपरेने चालत आलेले हक्क जात नाहीत, हे बैठकीत जरूर सांगा. बहुतेक विरोध त्या भीतीपोटीच असतो.

आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाचं २.११ हेक्टर क्षेत्रही असंच २०२१ मध्ये वारसा स्थळ झालं, तिथे सापडलेल्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या छोट्या माशासाठी. देवस्थान, झरा आणि दुर्मीळ जीव, तिन्ही एकाच जागी. तुमच्या गावाला दाखवायला याहून जवळचं उदाहरण नाही.

सड्याकाठ

बैठक झाली. मानकरी आणि सरपंच दोघांनीही ऐकून घेतलं. दलदलीत खोदकाम नको, राईच्या खाली कुंड बांधायचा, यावर बहुतेकांचं एकमत आहे. सड्यावर एका जमीनमालकाचं चिऱ्याच्या खाणीबद्दल बोलणं चाललंय, त्याच्याशी गावकरी बोलणार आहेत. तो भाग अवघड आहे. पोटाचा प्रश्न त्याचाही आहे.

व्हाळाच्या तोंडाशी मोजलं: १० लिटरची बादली ३५ सेकंदांत भरली. पाझर, आता हे मोजमाप किती वेळा करावं? आणि कुंडाचा नळ केवढा ठेवावा?

पाझर

म्हणजे मिनिटाला सतरा लिटर, दिवसाला साडेचोवीस हजारांच्या आसपास. मेच्या मानाने चांगला झरा आहे. महिन्यातून एकदा, शक्यतो त्याच तारखेला आणि पहाटे मोजा. दुपारी झाडं पाणी ओढतात, आकडा कमी येतो. पाऊस सुरू झाला की सड्यावर कुणाकडे तरी पर्जन्यमापक ठेवा, शाळेत असेल तर उत्तम. वर्षभराचे आकडे झाले की पावसानंतर किती दिवसांनी झरा वाढतो ते कळेल आणि सडा पाणी किती काळ धरतो याचा अंदाज येईल. खाणीच्या चर्चेतही हेच आकडे उपयोगी पडतील.

नळ एक इंचाच्या वर नको. कुंडाचा सांडवा दलदलीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवा, नाहीतर पाणी मागे तुंबून केवड्याच्या मुळांशी उभं राहील. आणि कुंडाचा पाया जांभ्याच्या चिऱ्यांवर बसवा, दलदलीच्या बाजूला सिमेंटची भिंत आत घुसवू नका.